निवडून दिलेल्या लडी

मायाक्का गडदेला कुणी भोळी म्हटलं की गिरणीच्या रीळखात्यातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. भोळी कसली बोंबलायला! ज्या जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, बघून नव्या पोरी कोपऱ्यात सरकायच्या, तो मायाक्कापुढनं जाताना आवाज खाली करायचा. एकदा तो एका पोरीला वेडंवाकडं बोलला, तर मायाक्कानं भर पाळीत त्याचा असा उद्धार केला की पुढं कितीतरी दिवस तो मागच्या दारानं खात्यात यायचा. अशी बाई. पण तिच्यापुढं धाकट्या भावाचं, हरिबाचं, नाव काढा. लगेच तिचा आवाज बदलायचा. म्हणायची, "आमचा हरिबा? त्याचं काय इचारता बाई. त्यो पुस्तकात डोकं घालून बसला की त्याला भूक कळत न्हाय का तान्ह कळत न्हाय."

सांगोल्याच्या पलीकडच्या माळावर त्यांच्या बापाची मेंढरं होती. नवऱ्यानं दुसरी बायको आणली तेव्हा मायाक्का रडली-बिडली नाही. नवऱ्याचं आडनाव टाकून माहेरचं गडदे परत लावलं, बोचकं बांधलं आणि थेट सोलापूर गाठलं. सोलापुरात तिचं कोण होतं? गावची गोजाबाई, एवढंच. ना रक्ताची ना नात्याची, पण नात्यातल्यांनी तोंड फिरवलं तेव्हा हिनंच मायाक्काला घरात घेतलं. जॉबरच्या पाया पडून गिरणीत लावलं. कांडीवरचं सूत फाळक्याच्या फिरत्या चौकटीवर गुंडाळून त्याची लड कशी करायची, तार तुटली की बारीक गाठ कशी मारायची, हे सगळं गोजाबाईनं शेजारी बसवून शिकवलं. पुढं आई गेली, तशी मायाक्का गावाकडं गेली आणि हरिबाला उचलून घेऊन आली. बापाला म्हणाली, "मेंढरांमागं हिंडून एकाचा जल्म गेला तेवढं बास झालं."

हरिबा मॅट्रिक झाला. गणितात हुशार म्हणून त्याच गिरणीत सुताची तपासणी करणाऱ्या खोलीत त्याला काम मिळालं. काम कसलं, तर सूत आणायचं, तोलायचं, साहेबाला आकडे द्यायचे. पगार कामगाराचा आणि पाळी सुटल्यावर गेटावर झडतीही कामगारासारखीच. या झडतीचा मायाक्काला भारी संताप. बायांची रांग वेगळी, झडती घेणारी बाई वेगळी; हात वर करायचे, ओचा झटकून दाखवायचा, कधी अंबाड्यात बोटं घालून घ्यायची. जणू काय त्या एवढ्याशा अंबाड्यातनं कुणी अख्खी गिरणी चोरून नेणार होतं! ऑफिसातली माणसं मात्र पलीकडच्या दारानं जायची, आणि तिथला वॉचमन त्यांना वर सलाम ठोकायचा. आपल्या घरातलं एक तरी माणूस त्या दारानं गेलं पाहिजे, हे मायाक्काच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

साल चौऱ्याहत्तर असेल. सूत घेणाऱ्या हातमागवाल्यांची ओरड सुरू झाली की या गिरणीच्या लडी वजनाला सारख्या भरत नाहीत. एक भरदार, तर दुसरी हलकी. मॅनेजर साहेबांनी ठरवलं, आता मालाचा दर्जा शास्त्रानं सुधारायचा, त्यासाठी वेगळी खोली काढायची. मुंबईच्या एका संस्थेची परीक्षा होती. ती जो पास होईल, तो त्या खोलीचा तपासनीस. ऑफिसातली खुर्ची, ऑफिसचं दार. आपल्यातलं कुणी पास झालं नाही, तर बाहेरचा माणूस आणायचा. हरिबानं नाव दिलं.

आणि मग त्या दहा बाय दहाच्या खोलीत जे सुरू झालं, ते काय विचारता! पुस्तकं सगळी इंग्रजीत, आणि हरिबाचं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. मांडीवर डिक्शनरी, पुढं आलेखाचा कागद, कानावर पेन्सिल. एक ओळ वाचायची, चार शब्द शोधायचे, परत पहिल्यापासून ती ओळ. मायाक्का चुलीपाशी बसून ऐकायची. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण तो अडखळला की तिचा हात परातीत थांबायचा. शेजाऱ्यानं रेडिओ मोठा केला की ही दारात. "तुमचं गाणं ऱ्हाऊ द्या, माज्या भावाचा अभ्यास हाय," हे ती अशा आवाजात सांगायची की रेडिओ बंदच व्हायचा. सुट्टीच्या दिवशी हरिबा तळ्याकाठी जाऊन बसायचा, तर ही भाकरी बांधून तिथं हजर.

एकदा तिनं विचारलंच, "हरिबा, ह्यात हाय तरी काय रं एवढं?"

त्यानं टोपल्यातल्या भाकरींकडं बोट दाखवलं. "आक्का, ह्या समद्या सारख्या हायत्या का?"

"मग? माज्या हातच्या हायत्या."

"न्हायत्या सारख्या. जराजरा फरक हायच. हात हाय, मशीन न्हाय. तेवढ्या फरकाला कुणी नावं ठिवायची न्हायत. पर एकादी लईच जाड झाली, तर कायतरी बिघडलं म्हणायचं. पीठ, न्हायतर जाळ, न्हायतर तुजं ध्यान. ते हुडकायचं आन् नीट करायचं. किती फरक चालंल आन् कुटं बिघडलं म्हणायचं, त्याच्या रेघा आखायच्या. एवढंच शास्त्र हाय ह्ये."

"आगं बया! एवढ्यासाठी मुंबईला परीक्षा?" मायाक्का पोट धरधरून हसली. तोही हसला. त्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसणं होतं असं म्हटलं तरी चालेल.

परीक्षेला लेखी पेपर होतेच. पण आपल्या गिरणीतलं एक काम घेऊन त्यात सुधारणा करून दाखवायची, नमुने तोलून त्याचे तक्ते मांडायचे आणि मुंबईला जाऊन परीक्षकांपुढं उभं राहायचं, हा खरा भाग. हरिबानं रीळखातंच घेतलं. लडींचं वजन सारखं करून दाखवायचं. मायाक्काची छाती अशी फुगली की विचारू नका. सगळ्या खात्याला तिनं सांगितलं, "आता आपल्या हातात हाय त्याची परीक्षा!" बोलली ते अगदी खरं बोलली, हेच तर दुर्दैव.

हरिबानं मेहनत घेतली, हे कबूल करायला पाहिजे. सैल भरलेल्या कांड्या कुठल्या साच्यावरून, म्हणजे यंत्रावरून, येतात ते त्यानं हुडकून काढलं, तो साचा दुरुस्त करून घेतला. तार तुटली की फाळका थांबवून लगेच गाठ मारायची, पुढं रेटायचं नाही, हे बायांना समजावलं. आणि रोज पाळीत फेरी मारून प्रत्येकीकडनं एकेक लड तोलायला न्यायला लागला. पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं, "निवडायची न्हाय. हाताला येईल ती द्यायची."

आता पुस्तकात काय लिहिलं होतं? नमुना तपासणाऱ्यानं स्वतः, आपल्या हातानं, न बघता उचलायचा. पण पुस्तक लिहिणाऱ्याला काय माहीत सोलापूरचं रीळखातं! बाई खाली बसलेली, लडींची पाटी तिच्या मांडीला टेकून ठेवलेली, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. तिथं परक्या पुरुषानं वाकून पाटीत हात घालायचा? छे! जॉबरसुद्धा चार हात लांब उभा राहायचा. मालाची गाडी ओढणारा आला तरी बायाच लडी उचलून द्यायच्या. हरिबा तर यांच्यातच वाढलेला, निम्म्या जणींना मावशी म्हणणारा. तो लाजेनं लांब उभा राही, हात पुढं करी, आणि बाया देतील ती लड घेऊन जाई. पुस्तकातला तो नियम त्यानं मर्यादेपायी सोडला, आणि त्याला वाटलं, एवढ्यानं काय बिघडतंय.

दोन-चार दिवसांनी घरी तक्त्यावर लडींच्या वजनाचे ठिपके मांडताना त्याचं तोंड उतरलेलं मायाक्कानं पाहिलं. ठिपके रेघेच्या वर-खाली उड्या मारत होते. "अजून हलक्या येत्यात," तो पुटपुटला. झालं! दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मायाक्कानं बाया गोळा केल्या.

"आजपासनं हरिबाला द्यायची लड बाजूला काढून ठिवायची. भरदार, बिनगाठीची. हाताला तोलून बगा आन् मगच द्या."

गोजाबाई तेवढी कुरकुरली. "आगं, पर त्यानं हाताला येईल ती मागितली की."

"मागंल की! पाव्हणा बी म्हणतो, शिळं असंल तरी चालंल. म्हणून काय शिळं वाढतीस व्हय?" मायाक्का उसळली. "आमचा बाप बिरोबाला बकरं द्यायचा तर बिनखोडाचं द्यायचा. शंभर मेंढरांतनं हुडकून. कुणी मागाय आला आन् आपण हाताला लागंल ते फेकलं, ह्ये आमच्यात न्हाय बसत."

तेलुगू बोलणारी रत्नम्मासुद्धा मान डोलवून म्हणाली, "खरं हाय अक्का. पोरगा आपलाच." आणि मग काय! बायांना जणू सणच मिळाला. प्रत्येकीच्या पाटीच्या कडेला हरिबाची लड वेगळी. कुणाची जास्त देखणी यावरनं चेष्टा चालायची. गोजाबाईची नजर कमी झालेली, बोटं आखडलेली. तिच्या पाटीत मनासारखी लड निघाली नाही, तर मायाक्का आपल्यातली गुपचूप तिच्या हातात सरकवायची.

तक्ता असा सुधारला की हरिबाला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ठिपके रेघेला धरून एका ओळीत चालायला लागले. त्याला वाटलं, साचा दुरुस्त केला, गाठीची सवय लावली, त्याचं हे फळ. थोडं होतंही. पण बाकीचं फळ कुठनं आलं, ते त्याला कोण सांगणार? मायाक्का त्याच्याकडं बघून मनातल्या मनात हसत होती. उपकार बोलून दाखवायचे नसतात, असं तिला वाटलं.

मुंबईचे परीक्षक खूश झाले. एवढं स्थिर काम क्वचित बघायला मिळतं, म्हणाले. हरिबा पास झाला. शिक्क्याचं सर्टिफिकेट आलं, काचेत बसवून भिंतीला लागलं. मायाक्कानं रीळखात्यात पेढे वाटले, गोजाबाईला स्वतःच्या हातानं भरवला. हरिबा ऑफिसच्या दारानं गेला तेव्हा ती मुद्दाम आपल्या रांगेतनं मान उंच करून बघत होती. झडतीवालीनं तिला ढोसलं, "बाई, हात वर," तरी त्या दिवशी तिला राग आला नाही.

राग यायचे दिवस पुढं होते. हरिबानं मुंबईला दाखवलेला तक्ता मॅनेजर साहेबांनी खात्यात टांगला आणि हुकूम काढला: या बायांना असं काम जमतंय, हे सिद्ध झालंय, तेव्हा यापुढं तक्त्यावरच्या रेघांच्या आतच लड आली पाहिजे. जिची लड वारंवार बाहेर जाईल, तिनं घरी बसायचं. आणि आता नमुने बायांकडनं घ्यायचे नव्हते. बाईच्या नावाची चिठ्ठी लावून बांधलेले गठ्ठे गोदामात गेले की तिथनं, न बघता, हरिबाचा मदतनीस कुठलीही लड ओढायचा. शास्त्राप्रमाणं. आता मात्र अगदी शास्त्राप्रमाणं!

मग व्हायचं ते झालं. सगळ्या जणींच्या लडी कधी ना कधी बाहेर. होणारच की! रेघा आखल्या होत्या निवडून काढलेल्या लडींवरनं. रोजच्या लडी त्यात कशा मावणार? बायांनी पाण्याला जायचं सोडलं, जेवणाची सुट्टी सोडली, गाठी मारून मारून बोटं सोलली, तरी तक्त्याखाली नावं लागतच होती. आणि सगळ्यांत जास्त वेळा नाव लागलं गोजाबाईचं.

मायाक्काच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याच संध्याकाळी ती हरिबापुढं बसली आणि सगळं सांगून टाकलं. लडी निवडून दिल्या होत्या. मीच सांगितलं होतं. समद्या जणी देत होत्या.

हरिबाचं तोंड पांढरंफटक पडलं. आणि त्यानं काय विचारावं? "ह्ये अजून कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणाला न्हाय. तुलाच सांगाय आले. आता तू जा आन् सायबाला म्हण, रेघा चुकल्या. परत तोलतो म्हण."

"आन् का चुकल्या म्हणून सांगू? नमुने बायांनी निवडून दिले आन् मी डोळं झाकून घेतले म्हणू? त्यो कागद परत घेत्याल आक्का. मुंबईला कळवत्याल. लबाड म्हणत्याल मला."

"तू कुटं लबाडी केलीस? केली तर मी केली."

"कोण ऐकणार हाय ह्ये?" तो एकदम ओरडला. "कुणी सांगितलं हुतं तुला शानपना कराय? हाताला येईल ती द्या म्हणलं हुतं की मी!" तिच्या अंगावर तो आजवर कधी ओरडला नव्हता. मग तो हळू आवाजात म्हणाला, "जरा दम धर. मी हळूहळू रेघा सैल करून घेतो. तवर बोलू नगंस."

मायाक्कानं दम धरला. रोज वाटे, आज तो साहेबाशी बोलेल. रोज तो ऑफिसच्या दारानं आत जायचा आणि त्याच दारानं बाहेर यायचा. रेघा जागच्या हलल्या नाहीत. साहेब त्याच्यावर खूश होते, हातमागवाले खूश होते; मग त्या सैल करायच्या कशाला? हे हरिबानं तोंडानं सांगितलं नाही, पण तो घरी आला की जेवताना मान वर करीत नसे, त्यावरनं तिला कळलं. ज्या बाईनं जॉबरला मागच्या दारानं यायला लावलं, ती बाई आता सगळ्यांच्या नजरा चुकवत खात्यात बसायला लागली. बोलावं तर भाऊ बुडतो, न बोलावं तर गोजाबाई.

शेवटी जॉबरनं गोजाबाईला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. गोजाबाई आरडली-ओरडली नाही. पाटी उपडी घातली आणि म्हणाली, "एवढी वरसं चाललं की गं माजं काम. आताच कसं वाईट झालं?" कुणाला उद्देशून बोलली कोण जाणे. पण मायाक्काला ते ऐकवलं नाही. ती ताडकन उठली, गोजाबाईच्या दंडाला धरलं आणि सरळ मॅनेजर साहेबांच्या खोलीकडं निघाली. मागोमाग बाया. दारावरचा शिपाई आडवा आला, त्याला तिनं बाजूला सारलं.

साहेबांपुढं तिनं एका दमात सांगून टाकलं. लडी निवडून दिल्या होत्या सायेब, रेघा खोट्या हायत्या, ह्या म्हातारीचा काय बी दोष न्हाय, दोष माजा हाय. हरिबा तिथंच होता, फायली घेऊन टेबलाजवळ उभा. तिनं त्याच्याकडं मुद्दाम बघितलं नाही.

साहेब हसले. "बाई, मुंबईचे परीक्षक काय मूर्ख होते? त्यांनी तपासून, पारखून सर्टिफिकेट दिलंय." मग हरिबाकडं वळले. "काय हो गडदे? नमुने कुणी निवडून दिले होते तुम्हाला?"

"न्हाय साहेब. मी स्वतः घेतलेत. नियमानं."

रत्नम्माच्या तोंडातनं "अय्यो" निघालं. साहेबांचं हसू मावळलं. ते एकदा मायाक्काकडं, एकदा हरिबाकडं बघत राहिले. "ही बाईसुद्धा गडदेच ना? ही तुमची कोण? हे बघा, बहीण-भावानं मिळून लबाडी केली असेल, तर दोघांनाही घरी जावं लागेल. आणि नसेल, तर ही बाई खोटं बोलतेय. काय ते आत्ताच्या आत्ता सांगा."

सगळ्या बाया हरिबाकडं बघत होत्या. निम्म्या जणींनी त्याला शाळेत जाताना बघितलेलं, कितीदा आपल्या डब्यातला घास दिलेला. हरिबानं खालच्या फरशीकडं बघत सांगितलं, "माझी कुणी न्हाय साहेब. आमच्या गावाकडची हाय. आडनाव एक हाय, एवढंच."

मायाक्कानं आता त्याच्याकडं बघितलं. फायली त्यानं छातीशी कवटाळल्या होत्या. लहानपणी शाळेत जाताना पाटी अशीच कवटाळायचा. तिच्या मनात काय काय आलं असेल ते आलं असेल. ह्यो माजा भाऊ हाय, एवढं म्हणायचं तर काम होतं. सगळी साक्ष तिच्या बाजूला उभी होती, गोजाबाईचा दंड अजून तिच्या हातात होता.

"व्हय सायेब," ती म्हणाली. "मी गावाकडची हाय. खोटं बोलले मी."

गोजाबाईनं आपला दंड सोडवून घेतला आणि एकटीच बाहेर पडली.